दुसरी बाटली का विकली जात नाही? पर्यावरणपूरक मालाची जाहिरात आणि ग्राहकाची पसंती

प्रश्न थोडक्यात असा: रिठ्याचं भांडी घासायचं लिक्विड बनवणारा एक छोटा उद्योग आहे. प्रदर्शनांत, जत्रांत ५०० मिलीच्या बाटल्या हातोहात जातात, लोक कौतुकही करतात. पण दोन-तीन महिन्यांनी त्याच ग्राहकांना फोन केला की ‘सध्या दुसरं वापरतोय’ असं उत्तर येतं. ‘इको-फ्रेंडली’ म्हणून केलेल्या जाहिरातीनं ग्राहकाची पसंती खरोखर बदलते का, की ते कौतुक तोंडदेखलंच असतं? आणि लेबलवर नेमकं काय लिहावं?

पसंती बदलते, पण किती आणि किती दिवस, हे मालाच्या प्रकारावर ठरतं. भांड्यांच्या लिक्विडपुरतं बोलायचं तर पर्यावरणाचा दावा पहिली बाटली विकून देतो. दुसरी बाटली विकली जाते ती कढईचा तेलकटपणा निघाला का, एका वेळेला किती खर्च आला आणि लेबलवरचं खरं निघालं का, या तीन गोष्टींवर. प्रश्नावरून दिसतं की तुमची सगळी मेहनत पहिल्या बाटलीवर झाली आहे आणि दुसरीसाठी तयारीच झालेली नाही.

लोक सांगतात एक आणि घेतात दुसरं, ही तक्रार जगभरची आहे. २०१९ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये व्हाइट, हार्डिस्टी आणि हबीब या संशोधकांनी एका पाहणीचा आकडा दिला होता: शाश्वततेचा पुरस्कार करणाऱ्या ब्रँडचा माल घ्यायची इच्छा ६५ टक्के लोकांनी सांगितली, प्रत्यक्षात घेणारे सुमारे २६ टक्के. याला खोटेपणा समजू नका. स्टॉलवर उभा असलेला माणूस सुट्टीच्या दिवशी, कुटुंबासोबत, समोर बनवणारा बोलतोय अशा वेळी निर्णय घेतो. महिन्याच्या किराण्यात तोच माणूस यादी हातात घेऊन तीस-चाळीस वस्तू अर्ध्या तासात गोळा करतो. तिथे हात जुन्या सवयीनं जुन्या बाटलीकडे जातो. जाहिरातीनं मत बदललं तरी सवय बदललेली नसते. भांड्यांचं लिक्विड ही तर पूर्णपणे सवयीची वस्तू.

आता मालाच्या प्रकाराचा मुद्दा, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. सगळ्या पर्यावरणपूरक वस्तू एकाच कारणासाठी घेतल्या जातात असं धरून जाहिरात केली जाते. तसं नसतं.

विजेच्या उपकरणांचं उदाहरण घ्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकन पद्धत २००६ मध्ये सुरू झाली, २०१० पासून ती खोलीच्या एसीला आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला सक्तीची झाली, २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही. आज दुकानात जाणारा माणूस ‘पाच स्टारचा आहे का?’ असं स्वतःहून विचारतो. त्याच देशात १९९१ पासून इकोमार्क नावाचं, मातीच्या मडक्याचं चिन्ह होतं. ते बहुतेक ग्राहकांनी कधी पाहिलंही नाही. दोन्ही सरकारी, दोन्ही पर्यावरणाशी जोडलेली. फरक असा की तारा दोन वस्तूंची तुलना करू देतात आणि तो फरक थेट वीजबिलात दिसतो. मडकं फक्त ‘ही वस्तू चांगली आहे’ एवढंच सांगत होतं, शिवाय ते घ्यायची सक्ती नसल्यानं फार थोड्या कंपन्या पुढे आल्या. २०२४ मध्ये इकोमार्कचे नवे नियम आले आहेत. ते चिन्ह आता रुळतं का, हे माल बनवणारे किती जण ते घेतात यावरच ठरेल.

पंख्याचा हिशेब करून पाहा. साधा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॅटचा. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर वर्षात १६२ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तरी १,३०० रुपयांच्या आसपास. पंखा महाग असला तरी वरचे पैसे बहुतेक घरांत वर्ष-दोन वर्षांत वसूल होतात. म्हणून हा माल विकताना पृथ्वीचं नाव न घेतलं तरी चालतं. २०१५ च्या उजाला योजनेत एलईडी बल्ब घराघरांत गेले तेही याच वाटेनं: ठोक खरेदीचा दर ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत उतरला आणि बिल कमी येतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. याउलट फिलिप्सनं १९९४ मध्ये अमेरिकेत सीएफएल दिवा ‘अर्थ लाइट’ या नावानं आणला तेव्हा तो फारसा चालला नाही. २००० मध्ये त्याचंच नाव ‘मॅरेथॉन’ ठेवून ‘वर्षानुवर्षं टिकतो’ हे पुढे केलं, तेव्हा खप वाढला.

गणपतीच्या शाडूच्या मूर्तीचं गणित पुन्हा निराळं. ती पीओपीच्या मूर्तीपेक्षा जड, नाजूक आणि महाग असते, सुकायला वेळ घेते, प्रवासात तडकते. तरीही शहरांतल्या घरगुती गणपतींत तिची मागणी वाढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांचा त्यात वाटा आहेच, पण ग्राहकाच्या बाजूनं आणखी दोन कारणं आहेत. एक, दर्शनाला येणारा प्रत्येक जण मूर्ती पाहतो आणि ‘शाडूची आहे का?’ असं विचारतो, म्हणजे निवड चारचौघांना दिसते. दोन, घरच्या बादलीत विसर्जन करता येतं, गर्दीत जावं लागत नाही. इथेही फसवणूक होते: पीओपीवर मातकट रंग देऊन शाडू म्हणून विकतात. ओळखायचं तर मूर्तीच्या तळाचा न रंगवलेला कपचा पाण्यात ठेवावा. शाडू काही तासांत विरघळून गाळ होतो, पीओपी तसाच राहतो. असे फसलेले ग्राहक पुढच्या वर्षी प्रामाणिक मूर्तिकारावरही विश्वास ठेवत नाहीत. खोट्या हिरव्या दाव्याचं नुकसान ते करणाऱ्यापेक्षा खऱ्या माणसाला जास्त होतं, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत गंभीर वाटतं.

तुमचं लिक्विड यांतल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही. ते वीजबिल कमी करत नाही. पाहुण्यांना दिसत नाही, सिंकखाली असतं. वर ते ‘दमदार’ असावं अशी अपेक्षा असलेल्या गटातलं आहे. २०१० साली लुक्स, नेलर, आयर्विन आणि रघुनाथन यांनी प्रयोगांतून दाखवलं की ज्या वस्तूत ताकद महत्त्वाची, तिथे ‘पर्यावरणपूरक’ म्हटल्यावर लोक ती कमी ताकदीची धरतात. लहान मुलांच्या शाम्पूसारख्या सौम्य वस्तूंत हाच दावा फायद्याचा ठरतो. त्याच अभ्यासात उपायही सापडला होता: ताकदीची स्पष्ट हमी दिली की हा तोटा कमी होतो. २०१४ मध्ये न्यूमन, गॉर्लिन आणि धर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कंपनीनं मुद्दाम पर्यावरणासाठी बदल केला असं सांगितलं तर ‘मग दर्जात कुठेतरी तडजोड केली असेल’ असा ग्राहकाचा समज होतो. तोच पर्यावरणाचा फायदा दुसऱ्या सुधारणेसोबत ओघानं आला असं कळलं तर असा संशय येत नाही.

म्हणून लेबलच्या दर्शनी बाजूवर सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘इको-फ्रेंडली’ लिहिणं ही तुमच्या मालाच्या बाबतीत सरळ चूक आहे. तिथे तेलकटपणाबद्दलचं वाक्य हवं, आणि ते सिद्ध करता आलं पाहिजे.

सिद्ध करायचं कसं, तर ताटांच्या चाचणीनं. दोन लिटर कोमट पाण्यात ५ मिली लिक्विड फेसाळून घ्यायचं. स्टीलच्या एकाच मापाच्या ताटल्यांवर प्रत्येकी ३ ग्रॅम तेल-बेसनाचा लेप लावून एकेक धुवायची आणि फेस पूर्ण मोडेपर्यंत किती ताटल्या झाल्या ते मोजायचं. बाजारातल्या दोन नेहमीच्या लिक्विडबरोबर तीन-तीन वेळा करायचं. पाण्याचा कठीणपणा सगळीकडे एकच हवा, नाहीतर आकडे व्यर्थ. एक सावधगिरी: फेस आणि सफाई या एकच गोष्टी नाहीत, विशेषतः रिठ्याच्या बाबतीत. म्हणून प्रत्येक ताटली वाळल्यावर बोटानं आणि टिश्यूनं पुसून तेल राहिलं का तेही पाहायचं.

नुसत्या रिठ्याच्या अर्काची या चाचणीत दमछाक होते. रिठ्यातली सॅपोनिनं (फेस आणणारे नैसर्गिक घटक) बोअरच्या कठीण पाण्यात साबणासारखा चिकट साका धरत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण तेलकट कढई, मटणाचं पातेलं, कुकरच्या झाकणाची रबरी कड यांवर ती कमी पडतात. भांड्यांच्या बऱ्या लिक्विडमध्ये सक्रिय सर्फॅक्टंट (तेल सोडवणारा सफाईचा घटक) साधारण १० ते २० टक्के असतं. रिठ्याला डेसिल ग्लुकोसाइडसारख्या वनस्पतिजन्य सर्फॅक्टंटची जोड दिली तर तिथपर्यंत पोहोचता येतं, आणि मग ‘१०० टक्के रिठा’ हे शब्द लेबलवरून काढावेच लागतात. ते काढायला घाबरू नका.

या मिश्रणात एक गोष्ट हमखास बिघडते. डेसिल ग्लुकोसाइड बाजारात मिळतं ते चांगलंच अल्कलीयुक्त, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे मध्यम) साडेअकराच्या आसपास. रिठ्याचा अर्क सौम्य आम्ल असतो. दोन्ही मिसळून पीएच न तपासता बाटल्या भरल्या तर पीएच वर राहतो आणि त्यात घातलेलं सोडियम बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह (माल खराब होऊ न देणारा घटक) काम करत नाही, कारण ते पीएच ५ च्या खालीच नीट चालतं. परिणाम: तीन-चार आठवड्यांत आंबूस वास, बाटली फुगणं, तळाशी साका. सायट्रिक आम्लानं पीएच साडेचारच्या आसपास आणायचा, चोवीस तासांनी पुन्हा मोजायचा, मगच भरायचं. ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ हा दावा पाण्यावर आधारलेल्या वनस्पतीच्या अर्काला परवडत नाही. ज्या ग्राहकाच्या घरी बाटली आंबली, त्याच्या लेखी ‘नैसर्गिक माल असाच असतो’ हे कायमचं ठरून जातं.

आता तुमच्या प्रश्नात न आलेली, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शहरातल्या बऱ्याच घरांत बाटली विकत घेते एक व्यक्ती आणि वापरतात भांड्यांना येणाऱ्या मावशी. तुमची सगळी जाहिरात विकत घेणारीशी बोलते. मावशींशी कोणी बोललंच नाही. त्या दिवसाला चार-पाच घरं करतात, प्रत्येक घरी त्यांना मोजका वेळ असतो. फेस कमी दिसला की त्यांच्या अनुभवानुसार लिक्विड कमी पडलं असा त्याचा अर्थ, म्हणून त्या दुप्पट ओततात. बाटली निम्म्या दिवसांत संपते, किंवा मग ‘ताई, यानं तेल निघत नाही, वडीच आणा’ असं सांगतात. घरमालकीण कितीही पर्यावरणप्रेमी असली तरी इथे तिची पसंती चालत नाही, आणि चालूही नये. काम ज्यांच्या हातचं, त्यांचं म्हणणं महत्त्वाचं.

हा नुसता वापराचा मुद्दा नाही, पैशाचाही आहे. उदाहरणादाखल आकडे घेऊ. नेहमीचं लिक्विड ५०० मिलीला ११० रुपये, एका वेळेला ५ मिली, म्हणजे १०० वेळा, वेळेला १ रुपया १० पैसे. तुमचं ५०० मिलीला १९० रुपये. ५ मिलीच वापरलं तर वेळेला १ रुपया ९० पैसे. पण फेस कमी म्हणून १० मिली ओतलं तर ५० वेळातच संपतं आणि वेळेला ३ रुपये ८० पैसे पडतात. छापील किमतीत तुम्ही पावणेदोन पट महाग आहात, वापरात जवळपास साडेतीन पट. ग्राहक हा भागाकार कागदावर करत नाही, पण ‘लवकर संपतं’ हे त्याच्या लक्षात राहतं, आणि दुसरी बाटली तिथेच अडते.

याला उत्तर मापात आहे. पहिल्या बाटलीसोबत एका दाबाला २ मिली देणारा पंप द्या आणि लेबलवर चित्रानं दाखवा: एका घराची एका वेळची भांडी म्हणजे दोन ते तीन दाब, ओल्या घासणीवर. शब्द मराठीत आणि हिंदीत, अक्षर मोठं. विकताना घरमालकिणीला सांगा की पहिल्या दिवशी मावशींसमोर दोन भांडी घासून दाखवा. हाताला आग होत नाही, भेगा पडत नाहीत, हा फायदा मावशींचा आहे आणि तो खरा असेल तर तोच त्यांना पटतो. पण लेबलवर लिहायचा असेल तर त्वचेच्या चाचणीचा आधार हवा. पंपात धातूची स्प्रिंग असते, म्हणून तो भंगारात वेगळा करावा लागतो. तो एकदाच द्या, पुढच्या बाटल्यांना साधं झाकण लावा. छापील युनिट किंमत आता कायद्यानंच द्यावी लागते आणि दाट लिक्विडला मिलीचा दर नेहमीच महाग दिसतो, म्हणून त्याच्या शेजारीच ‘एका वेळेचा खर्च’ छापा.

लेबल आणि कायदा

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. जाहिरात मानक परिषदेचे पर्यावरणविषयक दाव्यांचे नियमही फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. लहान उद्योगांना वाटतं की हे मोठ्या कंपन्यांपुरतं आहे. तसं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

या तत्त्वांचा गाभा व्यवहारात असा आहे. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘पृथ्वीसाठी चांगलं’ असे मोघम शब्द एकटे वापरता येत नाहीत. त्यांच्यासोबत नेमकं काय आणि कशाच्या आधारावर, हे सांगावं लागतं. दावा पूर्ण वस्तूचा आहे, तिच्या एका भागाचा, बनवण्याच्या पद्धतीचा की नुसत्या वेष्टनाचा, हे स्पष्ट हवं. ‘कंपोस्टेबल’, ‘प्लास्टिक-फ्री’, ‘नॉन-टॉक्सिक’, ‘१०० टक्के नॅचरल’, ‘रिसायकलेबल’ अशा शब्दांना प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थ तपासणी लागते. तपशील क्यूआर कोडमागे देता येतो. पानाफुलांचं चित्र किंवा हिरवा रंग दिशाभूल करत नसेल तर त्याला हरकत नाही.

तुमच्या मालाला हे लावून पाहू.

‘बायोडिग्रेडेबल’ लिहायचं असेल तर ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, विघटन मोजणाऱ्या ३०१ मालिकेतल्या चाचणीचा अहवाल हवा. ३०१ बी या पद्धतीत २८ दिवसांत ६० टक्के विघटन ही पातळी गाठावी लागते. ग्लुकोसाइडच्या पुरवठादाराकडे हा अहवाल असतो, तो मागून घ्या. पण तो त्या एका घटकाचा आहे, सुगंध, रंग आणि प्रिझर्व्हेटिव्हसह तुमच्या संपूर्ण मिश्रणाचा नाही. म्हणून वाक्य असं: ‘यातले सफाई करणारे घटक ओईसीडी ३०१ बी चाचणीत २८ दिवसांत ६० टक्क्यांहून अधिक विघटित होतात. अहवालासाठी कोड स्कॅन करा.’ रिठ्याच्या अर्काचा असा अहवाल तुमच्याकडे नसेल तर वाक्यात नुसतं ‘ग्लुकोसाइड’ असंच नाव घ्या. एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी: नेहमीच्या लिक्विडमधलं लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनेट हे सर्फॅक्टंटही हवेशीर परिस्थितीत सहज विघटित होतं. तेव्हा ‘इतरांचं विघटन होत नाही’ अशी तुलना करू नका. ती टिकणार नाही.

‘फॉस्फेट-फ्री’ टाळाच. हातानं भांडी घासायच्या लिक्विडमध्ये फॉस्फेट सहसा नसतंच. दुसऱ्यातही नसलेली गोष्ट आपल्यात नाही म्हणून मिरवणं हे दिशाभुलीचंच एक रूप आहे. ‘केमिकल-फ्री’ तर कुठल्याच वस्तूबद्दल खरं असू शकत नाही, पाणीही रसायनच. त्याऐवजी घटकांची पूर्ण यादी मराठीत छापा, प्रत्येकाचं काम एका ओळीत. सजग ग्राहकावर याचा परिणाम कुठल्याही हिरव्या पानापेक्षा जास्त होतो.

बाटलीबद्दल ‘रिसायकलेबल’ लिहिण्याआधी परिसरातल्या भंगारवाल्याला आणि कचरावेचकांना विचारा की ही बाटली ते घेतात का आणि काय भावानं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्यांना कुठल्या प्लास्टिकला प्रत्यक्ष बाजार आहे हे कुठल्याही सल्लागारापेक्षा नेमकं माहीत असतं. साधी एचडीपीई (जाड, अपारदर्शक प्लास्टिकची) बाटली विकली जाते. पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचं आवरण चढवलेली पेट (पाण्याच्या बाटलीसारख्या पारदर्शक प्लास्टिकची) बाटली अडचणीची. बहुस्तरीय रिफिल पाउचला प्लास्टिक कमी लागतं, पण ते भंगारात कोणी घेत नाही, कचऱ्यातच जातं. पाउचवर हिरवं पान छापताना ही दुसरी बाजू लपवली तर तो लपवाछपवीचाच दावा होतो. पाच लिटरचा परत घेतला जाणारा कॅन हा या तिन्हींपेक्षा सरस पर्याय आहे.

वेष्टनासाठी ‘कंपोस्टेबल’ पिशवी वापरायचा मोह होईल. तिच्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आणि आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागतं. त्या मानकाची चाचणी ५८ अंश सेल्सियसच्या आसपास, औद्योगिक कंपोस्टच्या परिस्थितीत होते. घरच्या बाल्कनीतल्या कुंडीत ते तापमान मिळत नाही आणि पिशवी महिनोन्‌महिने तशीच दिसते. ग्राहक ती पाहतो आणि तुमच्या बाकीच्या सगळ्या दाव्यांवर शंका घेतो. कागद किंवा जुन्या कपड्याची पिशवी पुरेशी आहे.

शेजाऱ्यांचा जोर

सवय बदलायला उपदेशापेक्षा आसपासच्यांची कृती जास्त उपयोगी पडते. २००८ मध्ये गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशस यांनी एका हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरण्याच्या सूचनेचा प्रयोग प्रसिद्ध केला. ‘पर्यावरणासाठी’ असं लिहिलेल्या खोल्यांत सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला, ‘बहुतेक पाहुणे असं करतात’ असं लिहिल्यावर ४४ टक्के, आणि ‘याच खोलीत राहिलेले बहुतेक जण असं करतात’ यावर ४९ टक्के. तुमच्यासाठी यातला अर्थ सोपा आहे: गावभर जाहिरात करण्यापेक्षा तीन-चार गृहनिर्माण सोसायट्या धरा. महिन्यातून एक ठरलेला रविवार, पाच लिटरचे कॅन, गेटपाशी एक तास. सूचनाफलकावर ‘या सोसायटीतली इतकी घरं रिफिल घेतात’ हा खरा आकडा लिहा. आकडा अजून लहान असेल तर ‘मागच्या महिन्यापेक्षा इतकी घरं वाढली’ असं लिहा. फुगवून लिहिलेला आकडा सोसायटीत एका दिवसात उघडा पडतो, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. परत आलेले कॅन गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय भरू नका आणि प्रत्येकावर बॅच क्रमांक लिहा. जुन्या लिक्विडचा थर राहिला तर त्यातले जंतू नव्या भरण्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हलाही पुरून उरतात.

मोजायचं काय

प्रदर्शनातली विक्री पसंतीचं माप म्हणून धरू नका. ‘पर्यावरणपूरक लिक्विड घ्याल का?’ असा प्रश्नही विचारू नका. त्याला ‘नाही’ म्हणणं लोकांना अवघड जातं. त्याऐवजी ‘मागच्या महिन्यात कुठलं आणलं, कुठून, कितीला?’ एवढंच विचारा. खरं माप एकच: पहिल्या खरेदीनंतर ६० दिवसांत दुसरी खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण. हा काळ बाटली साधारण किती दिवस पुरते त्यावरून ठरवा, मात्र एकदा ठरवल्यावर बदलू नका. सवलत देऊन विकलेल्या बाटल्यांचे ग्राहक वेगळे नोंदवा, त्यांची पुनर्खरेदी कमी असू शकते आणि ती सरासरी बिघडवते.

दोन लेबलांची तुलना करायची असेल तर एका बॅचवर तेलकटपणाचं आणि मापाचं लेबल, दुसरीवर आत्ताचं हिरवं लेबल, किंमत तीच, लिक्विड तेच. ग्राहकांची वाटणी तुम्ही करू नका. बाटल्या खोक्यात आलटून पालटून भरा. पुनर्खरेदी २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेली हे खात्रीनं कळायला प्रत्येक गटात सुमारे २९० ग्राहक लागतात. २० वरून ४० वर गेली तर ८० पुरतात. तुमच्याकडे एकूण दीड-दोनशेच ग्राहक असतील तर लहानसहान फरकांवरून लेबल बदलत बसू नका, ते बहुधा योगायोगाचे असतात.

निकाल दोन प्रकारे वाचायचा. नव्या लेबलच्या गटात पुनर्खरेदी वाढली आणि ‘लवकर संपतं’ ही तक्रार कमी झाली, तर अडचण मापाची होती. पंप आणि चित्र कायम ठेवा, मगच किमतीचा विचार करा. दोन्ही गटांत सारखीच कमी राहिली, तर लेबलला हात लावू नका, ताटांच्या चाचणीकडे परत जा आणि सक्रिय घटकांचं प्रमाण वाढवून नवी बॅच करा.